बिनशिट्टीचा कुकर

वाफेबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा! उगाच दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊ नका. मी लवू गावडे, राहणार लालबाग, पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट असलेला बॉयलर अटेंडंट. मिलचा बॉयलर अठरा वर्षं सांभाळला. बॉयलर म्हणजे केवढा? आमची खोली त्यात दोनदा मावेल! आत पाणी, पोटात भट्टी, आणि वाफ अशी दाबून धरलेली की सुटली तर अर्धं लालबाग कोकणात जाऊन पडेल, तेही एसटीचं तिकीट न काढता. आणि या अठरा वर्षांत माझ्या पाळीत बॉयलरची सेफ्टी एकदाही उडाली नाही. एकदाही!

हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला. वाफेचा दाब हद्दीबाहेर गेला की बॉयलरवरची एक झडप आपोआप उघडते आणि जादा वाफ किंचाळत बाहेर पडते. ती सेफ्टी. बाहेरच्या माणसाला वाटतं, वा, काय छान सोय! आमच्या खात्यात तसं वाटत नसे. सेफ्टी उडाली म्हणजे फायरमन झोपला होता. कोळसा फुकट, पाणी फुकट, आणि चारचौघांत नाक कापलेलं. ज्याची सेफ्टी उडेल त्याने सगळ्या खात्याला चहा पाजायचा असा रिवाज होता, आणि वर आठवडाभर लोक त्याला ‘शिट्टीमास्तर’ म्हणायचे. मी अठरा वर्षं लोकांचाच चहा प्यालो.

मग संप झाला. ब्याऐंशीच्या जानेवारीत बॉयलर थंड पडले, भोंगे गप्प झाले, आणि मी दारातल्या बाकड्यावर येऊन बसलो. पहिले दोन महिने बरं वाटलं. पुढे पुढे मात्र हात शिवशिवायला लागले. खरं सांगतो, मला त्या वाफेची आठवण यायची. शेजारणीचा चहा उकळला तरी मी वाकून बघायचो.

माझी बायको मंजुळा खानावळ चालवायची. गावाकडचे आठ गिरणीवाले दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचे. संप लांबला तसे ते एकेक करून गावी गेले, आणि अकराव्या महिन्यात तिच्या चुलीवर आमच्या दोघांचाच भात शिजायला लागला. एक दिवस तिने रिकामं पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, “शिमग्यापर्यंत काय झाला नाय, तर खोलयेक कुलूप लावया आणि गावाक जावया.” तिने ते इतक्या शांतपणे सांगितलं की मला जास्त भीती वाटली. गावाला माझं काय होतं? दोन आंब्याची कलमं आणि एक भाऊ. कलमं मला ओळखत नव्हती, आणि भाऊ ओळखत होता हीच पंचाईत होती.

अशात कालिंदीबाई आल्या. मंजुळाच्या मावशीच्या ओळखीच्या, गिरगावात राहणाऱ्या, तिथेच एका कचेरीत कामाला. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी मुद्द्यालाच हात घातला.

“हे बघा मंजुळाताई, आमच्या कचेरीत आम्ही पंधरा माणसं दुपारी जेवतो. वर्षात दोन खानावळी बदलल्या. सगळं तात्यांवर अडतं. तात्या म्हणजे आमचे हेडक्लार्क. त्यांनी नवी कवळी बसवली आहे, पण जेवताना ती काढून खिशात ठेवतात. उसळीचा दाणा जिभेने दाबून चेपला गेला नाही, की डबा परत! आणि तात्यांनी परत केला की बाकीचे चौदाही परत करतात.”

“मग कसली उसळ धाडू?” मंजुळाने विचारलं.

“काळ्या वाटाण्याची. तुमची मालवणी. गुरुवारी नमुन्याचे पंधरा डबे पाठवा. तात्यांना पसंत पडले तर सोमवारपासून रोज तुमचेच.”

काळे वाटाणे! ज्यांनी कधी शिजवले नसतील त्यांना सांगतो, काळा वाटाणा हा कडधान्यातला पहिलवान आहे. रात्रभर भिजवा, सकाळभर शिजवा, तरी एखादा उभाच असतो.

मंजुळाचा चेहरा पडलेला बघून कालिंदीबाई म्हणाल्या, “कुकरमध्ये शिजवा ना! माझ्याकडे लग्नात आलेला दहा लिटरचा तसाच पडून आहे. देते मी. पाच शिट्ट्या केल्या की झालं.”

“मऊ पाहिजेत ना?” मी बाकड्यावरून उठलो. “लोणी करून देतो! अहो बाई, बॉयलर काय आणि कुकर काय, दोन्हीकडे वाफच. मी स्वतः लक्ष घालतो.”

कालिंदीबाई माझ्याकडे बघून हसल्या. मंजुळा हसली नाही.

बुधवारी कुकर घरी आला. मंजुळा तांदूळ निवडत होती तोवर मी खाली वर्तमानपत्र पसरलं आणि त्याचं सगळं सुटं करून बघितलं. काय वस्तू होती महाराजा! झाकणाखाली रबराची रिंग, म्हणजे आमचं पॅकिंग. मध्ये एक बारीक नळी आणि तिच्यावर ठेवायचं वजन, ज्याला बायका शिट्टी म्हणतात, म्हणजे आमची सेफ्टी! आणि बाजूला एक छोटंसं बूच. ते मी उजेडाला धरलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

“मंजुळा! अगो, हो आमचो लेड प्लग!”

“कोण इलो?” ती आतून म्हणाली.

बॉयलरच्या भट्टीच्या माथ्यावर शिशाचं एक बूच असतं. सगळे उपाय हरले की ते वितळतं आणि वाफ मोकळी करतं, म्हणजे बॉयलर फुटत नाही. अकरा महिन्यांनी आपल्या खात्यातला माणूस भेटावा तसं ते बूच मला भेटलं. मी ते पुसून परत बसवलं. एकच गोष्ट मात्र मनात खटकली. प्रेशरचं घड्याळ नाही! पाण्याची काच नाही! आत पाणी किती, दाब किती, काही कळायला मार्ग नाही. असला बॉयलर आमच्या इन्स्पेक्टरने पाच मिनिटांत बंद केला असता. बायका रोज हा राक्षस आंधळेपणाने चालवतात आणि वर भाकऱ्याही भाजतात, याचं मला फार नवल वाटलं.

डब्यात एक माहितीचा कागदही होता. अर्ध्याच्या वर भरू नका, नळी आरपार मोकळी आहे ना पाहा, वाफ असताना वजन उचलू नका, असं काहीबाही. मी तो वाचला आणि कपाटावर ठेवला. पहिल्या वर्गाच्या माणसाला कागद कशाला?

गुरुवारी सकाळी सव्वाआठला मंजुळाने वाटाणे कुकरात घातले, बरोबर अर्ध्यापर्यंत. पंपाचा स्टो पेटवला, वर कुकर चढवला आणि चपला घातल्या. परळला बहिणीकडून तिला पंधरा डबे आणायचे होते.

“पाच शिट्ट्यो झाल्यो की स्टो बंद करा,” ती मला बजावून म्हणाली. “झाकणाक हात लावू नका. शिट्टीक हात लावू नका. नुसते बघीत रवा.”

“माका शिकवतंस? अठरा वर्सां...”

“ता बॉयलराचा माका सांगू नका. हेच्यात पंधरा माणसांचा जेवाण आसा. साडेधाक रामजी डबे नेवक येतलो.”

ती गेली. मी डोक्याला गमछा बांधला, दाराच्या आतल्या बाजूला खडूने ‘पाळी पहिली’ असं लिहिलं आणि स्टोसमोर उकिडवा बसलो. अकरा महिन्यांनी पुन्हा ड्युटी!

पहिलं काम म्हणजे पाण्याची पातळी. अजून वाफ धरली नव्हती, म्हणून झाकण काढून बघितलं. अर्धाच भरलेला! अर्धा बॉयलर म्हणजे आमच्याकडे नोकरी गेली. मी दोन तांबे पाणी ओतून पातळी नियमात आणली आणि झाकण लावलं. खडूने लिहिलं, ‘पाणी ठीक.’

आता आली खरी अडचण. मंजुळा म्हणाली होती, पाच शिट्ट्या झाल्या की बंद करा. पण शिट्टी म्हणजे सेफ्टी! माझ्या पाळीत, माझ्या डोळ्यांदेखत, एकदा सोडून पाचदा सेफ्टी उडू द्यायची? छे! वजन थरथरायला लागलं की मी स्टोची चावी किंचित सोडायचो, थरथर थांबली की एक पंप मारायचो. काय सुरेख ताब्यात आला होता! वीस मिनिटं झाली, कुकर तापून तयार, आणि आवाज कसला? नाव नको! मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

आता तुम्ही विचाराल, की शिट्ट्या होऊच द्यायच्या नाहीत, तर पाच शिट्ट्यांनंतर बंद कसा करणार? हा प्रश्न मलाही पडला होता. पण ड्युटीवरच्या माणसाने एका वेळी एकच प्रश्न सोडवावा.

शिवाय दर पाळीत बॉयलरमधला गाळ काढून टाकायचा नियम असतो. बॉयलरला त्यासाठी तळाशी नळ असतो. कुकरचा तळ मी वाकून सगळीकडून बघितला, नळ नव्हता. मग म्हटलं, वरून काढू. चिमट्याने वजन अलगद उचललं. फुस्स! वाफेबरोबर करडा फेस उडाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बसला. “बघा, किती गाळ होता!” मी स्वतःशीच म्हणालो. खडूने लिहिलं, ‘आठ पस्तीस. गाळ काढला.’

तेवढ्यात शेजारच्या काशीबाई दारात आल्या. वय सत्तर, नजर अधू, पण चौकशी तरुण.

“लवू, काय करतंस रे असो स्टोमोर बसान?”

“काशीबाय, बडबड नको. मी बॉयलरवर आसंय!”

मी सहज बोललो. ड्युटीवर असलो की आम्ही तसंच म्हणायचो. काशीबाई “होय काय!” म्हणाल्या आणि कळशी घेऊन नळावर गेल्या.

आता जरा नळावर चला. त्याच आठवड्यात आमच्या मिलच्या चिमणीतून धूर निघाल्याची आवई उठली होती. मालक चोरून मिल चालू करणार, फुटीर माणसं आत घेणार, असं जो तो बोलत होता. आणि मिल चालू करायची तर आधी काय पेटलं पाहिजे? बॉयलर! नळावर काशीबाईंनी सांगितलं, “आमचो लवू बॉयलरवर गेलो.” दुसरीने विचारलं, “कधी?” तिसरी म्हणाली, “आज सकाळी!” बातमी जिना उतरली, रस्ता ओलांडला, चहाच्या दुकानात शिरली, आणि पंधरा मिनिटांत साऱ्या लालबागला कळलं की लवू गावडे फुटला, त्याने मिलचा बॉयलर पेटवला!

मला यातलं काही माहीत नव्हतं. आठ पन्नासला मी दुसऱ्यांदा गाळ काढला. पुन्हा फेस. नऊ-पाचला तिसऱ्यांदा वजन उचललं, तर फुस्स झालंच नाही! नुसती एक थुंकी उडाली आणि बंद. मी नळीकडे कौतुकाने बघितलं. खडूने लिहिलं, ‘गाळ संपला. पाणी स्वच्छ.’

हे वाक्य पुढे कित्येक दिवस मंजुळाने दारावरून पुसू दिलं नाही.

सव्वानऊला जिन्यावर पावलं वाजली. एकदोन नव्हे, पंधरावीस माणसांची. पुढे कुशाबा. कुशाबा म्हणजे आमच्या मिलचा विणकर, साताऱ्याकडचा गडी, आखाड्यातला, आणि संपाच्या कामात सगळ्यांच्या पुढे. त्याने दार ढकललं आणि ओरडलाच, “कुठंय त्यो फितूर लव्या? बायकूला इचारा कवा ग्येला...” आणि थांबला. कारण फितूर लव्या गमछा बांधून स्टोसमोर बसला होता.

“हळू!” मी बोट ओठांवर ठेवलं. “प्रेशर धरलंय.”

मागून माना आत आल्या. कुणाच्या हातात पायताण होतं, कुणाच्या दगड. सगळे कुकरकडे बघत राहिले.

“ह्यो बॉयलर?” कुशाबाने विचारलं.

“दहा लिटरचो.”

कुशाबाचा राग कुठे ठेवावा हे त्याला कळेना. त्याने तो पायताणाबरोबर दाराबाहेर ठेवला आणि आत येऊन मांडी घातली. बाकीचेही बसले. अकरा महिने बिनकामाची माणसं ती! समोर काहीतरी चालू आहे, त्यातून वाफ येते आहे, एवढ्यावर ती दिवसभर बसली असती. प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. दाब किती? झाकण आतून का लागतं? हे बूच कशाचं? मी एकेकाला समजावून सांगितलं. खात्यातही माझं कुणी इतकं ऐकलं नव्हतं.

मग कुशाबाने डोकं खाजवलं. “पर शिट्टी का हुईना? आमच्या पावण्याच्यात हाय कुकर. त्यो सारखा बोंबलतुया.”

“त्यांका चालवक येत नाय,” मी म्हटलं. “एक तास झालो, एक शिट्टी होवक दिलंय नाय!”

“आन् वैनी काय सांगून गेल्या?”

मी गमछा सारखा केला. “पाच शिट्ट्यो झाल्यो की उतरवा म्हणान.”

मला वाटतं, अडचण त्या वीसही जणांच्या एकदमच लक्षात आली.

“म्हंजी ह्यो कुकर उतरायचाच न्हाई कवा!” कुशाबा म्हणाला.

यावर जी चर्चा झाली ती सांगतो तर पहाट होईल. एकाचं म्हणणं, मी तीनदा गाळ काढला त्या तीन शिट्ट्या धरा, म्हणजे दोनच राहिल्या. दुसरा म्हणाला, हाताने काढलेली शिट्टी ही शिट्टी नव्हे, ती आपणहून झाली पाहिजे. तिसरा म्हणाला, तिसऱ्या वेळी तर नुसती थुंकी उडाली, तिला अर्धी धरा. अकरा महिने सभा करून करून आमच्या लोकांना सवय लागली होती, ठरावाशिवाय पाणी प्यायचे नाहीत! शेवटी कुशाबा उभा राहिला.

“ठराव असा हाय. वैनींचा हुकूम त्यो हुकूम. कुकरच्या पाच शिट्ट्या रीतसर, खऱ्याखुऱ्या झाल्या पायजेत. ज्यांना मान्य हाय त्यांनी हात वर करा!”

वीस हात वर गेले. विरोधात मी एकटा.

अठरा वर्षांची अब्रू अशी बहुमताने गेली. काय करणार? मी डोळे मिटले, मनातल्या मनात खात्याची माफी मागितली आणि पंप मारला. दहा पंप. ज्योत निळी होऊन कुकरला भिडली. सगळे कान टवकारून बसले. शिट्टी नाही. आणखी दहा पंप. वजन हलेसुद्धा ना!

“बघा,” मी म्हटलं, “माझो कुकर शिस्तीचो आसा. आता सांगितला तरी उडूचो नाय!”

“आण हिकडं,” कुशाबा म्हणाला आणि पंप त्याने हातात घेतला. तालमीतला हात तो! स्टो गरजायला लागला. कुकर हळूच गुणगुणला. मग झाकणाच्या कडेने एक बारीक कण्हणं ऐकू आलं. असला आवाज मी एकदाच ऐकला होता, दुसऱ्या एका मिलमध्ये, आणि त्या दिवशी आम्ही सगळे पळालो होतो.

त्या क्षणी मला कळलं. गाळ नव्हता तो! पातळी वाढवली मी, फेस वर आला, वजन मी उचललं आणि वाटाण्याचं साल नळीत जाऊन बसलं. पाणी स्वच्छ नव्हतं, नळी बंद होती! आणि गेला अर्धा तास मी एका बुजलेल्या बॉयलरसमोर बसून स्वतःची पाठ थोपटत होतो. कागदावर हे सगळं लिहिलं होतं. कागद कपाटावर होता.

“आग ओढा! विझवा!” मी ओरडलो आणि स्टोच्या चावीवर झडप घातली. “खाली पडा सगळे!”

चावी सुटली, ज्योत विझली, आणि तेवढ्यात ते बूच वितळलं. माझ्या खात्यातलं माणूस ते, त्याने आपलं काम केलं! एवढ्याशा भोकातून वाफेचा खांब सरळ छताला भिडला, आणि जो काही आवाज झाला! भोंगा नव्हे, पण भोंग्याच्या घराण्यातला नक्की. वीस माणसं जमिनीवर सपाट. वाटाणे छतावर, कॅलेंडरवर, देव्हाऱ्यावर आणि कुशाबाच्या पाठीवर. खालच्या मजल्यावरचे गंगाधरअण्णा झोपले होते. मिलचा भोंगा झाला असं समजून ते उठले, सदरा चढवला, रिकामा डबा काखेला मारला आणि मिलच्या फाटकापर्यंत गेले. तिथून परत आले. उलटसुलट बटणं लावलेला त्यांचा तो सदरा आणि वरचा चेहरा आठवला की मला अजून हसू येतं, आणि मग येत नाही.

वाफ ओसरली तेव्हा दारात मंजुळा उभी होती. दोन्ही हातांत पंधरा डबे.

तिने जमिनीवर पडलेली वीस माणसं बघितली. छत बघितलं. दारावरचं ‘पाणी स्वच्छ’ वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसते डबे खाली ठेवले, आणि तिचे डोळे भरून आले. कुलूप, शिमगा, गाव, भाऊ, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मंजुळा,” मी म्हटलं, “चुकलंय मी.”

अठरा वर्षांत हे वाक्यही मी पहिल्यांदाच म्हटलं.

तिने पदराने डोळे पुसले. कुकर पुरता निवू दिला, झाकण काढलं आणि आतून एक वाटाणा उचलला. दोन बोटांत धरला. दाबायच्या आधीच तो चेपला. दुसरा घेतला, तोही तसाच. तिने छताकडे बघितलं, मग कुकरात बघितलं.

“पाव भाग गेलो,” ती म्हणाली. “बाकीचो आसा.” आणि एकदम आवाज चढवून, “बसलास काय नुसते? उठा! एक जाण छप्पर पुसा, दोघे खोबऱ्याचा वाटप काढा, बाकीच्यांनी डबे धुवा!”

कुठल्याही ठरावाशिवाय वीस माणसं उठली! कुशाबा पाट्यावर बसला आणि त्याने खोबऱ्याचं वाटण असं काढलं की गंध झालं. साडेदहाला रामजी डबेवाला आला तेव्हा पंधरा डबे ओळीत उभे होते, आणि छतावर एक करडा ढग तेवढा राहिला होता.

ती दुपार कशी गेली विचारू नका. मी बाकड्यावर बसून होतो, कुशाबा शेजारी, बाकीचे जिन्यावर. चार वाजता रामजी डबे घेऊन परतला. मंजुळाने पहिला उघडला. रिकामा. दुसरा रिकामा. पंधराही रिकामे, पुसून घेतल्यासारखे! शेवटच्यात कालिंदीबाईंची चिठ्ठी होती. कुशाबाने ती मोठ्याने वाचली.

“मंजुळाताई, तात्यांनी तीनदा उसळ घेतली. कवळी खिशातून निघालीसुद्धा नाही. म्हणाले, इतका मऊ वाटाणा आईच्या हातचाही खाल्ला नव्हता. सोमवारपासून नक्की. मात्र वाटाणे रोज असेच हवेत. कसे केलेत ते मला जरूर कळवा.”

जिन्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. मंजुळा हसली, रडली, परत हसली. मी हळूच छाती पुढे काढली.

“मी म्हटलंय नाय? लोणी!”

मंजुळाने हसू आवरलं. “सोमवारपासून कुकराक तुमी हात लावूचो नाय.”

आणि लावला नाही. कुकरला नवं बूच आलं. मंजुळाने तो कागद कपाटावरून काढला आणि चुलीजवळ खिळ्याला टांगला. अर्धाच भरते, नळी रोज उजेडाला धरून बघते, आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकणाला शिवत नाही. माझ्या पाळीत जे काम सव्वा तासात झालं, ते ती दहा शिट्ट्यांत करते, भाकऱ्या भाजता भाजता.

संप कधी संपला ते कुणालाच नीट कळलं नाही. मिल काही पुन्हा धड चालू झाली नाही. आमचा बॉयलर भंगारवाल्याने तुकडे करून नेला, त्या दिवशी मी जेवलो नाही. पण गावालाही गेलो नाही. डबे पंधराचे चाळीस झाले, तात्या पेन्शनीत निघाले तरी त्यांचा डबा घरी जातो, आणि काशीबाई अजून सांगतात की लवूने संप फोडला होता.

मला घरात काम आहे, हो! जबाबदारीचं आहे. मंजुळाला भाकऱ्यांच्या नादात शिट्ट्या मोजता येत नाहीत, म्हणून मी दाराशी खडू घेऊन बसतो आणि प्रत्येक शिट्टीला एक रेघ ओढतो. दर रेघेला काळजात कळ येते, पण ओढतो. चाळीतली पोरंसोरं येताजाता हाक मारतात, “काय शिट्टीमास्तर?” मी त्यांना चहा पाजतो. रिवाज म्हणजे रिवाज.

आज मात्र खडूच्या जागी पेन हातात घेतलं, म्हटलं रेघा काय, नंतर ओढता येतील, आधी तुम्हाला ही हकीकत लिहून काढू. आतून आत्ताच मंजुळाने विचारलं, “अवो, किती झाल्यो?”

मी “सात!” म्हणून ठोकून दिलंय. सहा असतील. आठही असतील. तुम्ही मोजत होता का हो?